केडंब्याच्या माणसानं दिलेलं उत्तर

भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची बातमी आली ती १० मे २०२५ च्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी रविवार. साताऱ्यातल्या 'चार भिंती' या टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींमध्ये त्या सकाळी अशी काही जुंपली की खालून वर येणारे लोक थांबून ऐकायला लागले. एक निवृत्त सुभेदार तावातावानं सांगत होते, "हातातोंडाशी आलेलं सोडून दिलं. आणखी चार दिवस मिळाले असते तर कायमचं मिटलं असतं." त्यांच्यावर जे उखडले तेही फौजेतूनच निवृत्त झालेले हवालदार. त्यांचा मुलगा तेव्हा पूंछच्या बाजूला होता. ७ तारखेपासून तिकडे तोफांचा मारा चालू होता आणि पूंछमधली साधी माणसं, त्यात लेकरंसुद्धा, राहत्या घरात मारली गेली होती. "चार दिवस म्हणजे काय असतं ते टीव्हीवाल्याला माहीत नाही, तुला तर माहीत आहे ना?" असं ते सुभेदारांना एकेरीत म्हणाले. पंचवीस वर्षांची मैत्री असलेल्या माणसांत एकेरी चालतं, पण त्या दिवशीच्या 'तू'मध्ये मैत्री नव्हती.

साताऱ्याबाहेरच्या लोकांना वाटतं की फौजी माणसं युद्धाविषयी एका सुरात बोलतात. तसं कधीच नव्हतं. आमच्याकडे अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लावलं जातं, कारण पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावातले ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली याच शहरात सुरू झाली. तिथं शिकलेले, जवळच्याच पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेले आणि दोन वर्षांच्या आत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. अशा जिल्ह्यात दहशतवादाला उत्तर कसं द्यावं यावर घरोघरी मत असतं, आणि एकाच घरात दोन मतं असतात. आमच्याकडे तर आहेतच.

म्हणूनच २०२५ च्या मे महिन्यात मतभेद झाले याचं मला काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं ते मतभेद करणाऱ्यांचं जे झालं त्याचं. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. धर्म विचारून मारली गेली. त्यातले सहा आपल्या महाराष्ट्राचे होते. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला तिथलाच घोडेवाला सय्यद आदिल हुसैन शाहही त्यातच गेला. नौदलातल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. त्याची पत्नी काही दिवसांनी एवढंच म्हणाली की मुसलमानांच्या किंवा काश्मिरी लोकांच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आहे आणि ज्यांनी हे केलं त्यांना शिक्षा हवी आहे. यावर त्या मुलीला समाजमाध्यमांवर जे काही ऐकवलं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. दहा दिवसांपूर्वी तिच्याच फोटोवर लोक रडत होते. मग शस्त्रसंधी जाहीर करण्याचं काम ज्यांच्या वाट्याला आलं त्या परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यावर झुंड गेली, त्यांच्या मुलीपर्यंत गेली, आणि त्यांना आपलं खातं कुलूप लावून बंद करावं लागलं. सरकारचा निर्णय सांगणारा अधिकारी गद्दार, नवरा गमावलेली मुलगी गद्दार. मग निष्ठावान कोण? ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या ओरडून सांगणारे?

मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. हल्ल्यानंतर काय करावं हा प्रश्न अवघड आहे. तो अवघड आहे असं म्हणणारा माणूस भित्रा ठरवला की मग फक्त सोपी उत्तरं उरतात. त्या सोप्या उत्तरांचं बिल ज्या घरांत येतं त्यातलं एक घर माझ्या माहेरचं आहे.

माझा दादा बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलात होता. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांत सगळी फौज सीमेवर निघाली. त्या मोहिमेला 'ऑपरेशन पराक्रम' म्हणत. दादाची तुकडी राजस्थानात होती आणि काम होतं सुरुंग पेरण्याचं. सीमेलगतच्या शेतांतून, वाळूतून मैलच्या मैल सुरुंग पेरले गेले. त्या महिन्यांत देशात दोनच बाजू होत्या, 'घुसा' म्हणणारे आणि 'थांबा' म्हणणारे. दादा मात्र ना घुसला होता, ना परत आला होता. वहिनी दोन मुलांना घेऊन घरी, आणि मेढ्याच्या एसटीडी बूथवर दर रविवारी रांग. त्यातच मे २००२ मध्ये जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या कुटुंबांच्या वसाहतीत अतिरेकी शिरले आणि तिसाहून जास्त माणसं मारली, त्यात बायका आणि मुलं होती. त्या दिवशी वहिनी म्हणाली होती, आता युद्ध झालंच पाहिजे. नवरा सीमेवर असलेली बाई हे म्हणत होती. त्यामुळे युद्ध मागणारे सगळे सोफ्यावर बसून मागतात, हेही मला कुणी सांगू नये.

युद्ध झालं नाही. ऑक्टोबरमध्ये सैन्य मागे घेण्याचं ठरलं. आणि मग पेरलेलं काढायची पाळी आली. दादा एकदा सुट्टीवर आला असताना परसातल्या मेथीच्या वाफ्याशी पालथा झोपला आणि सायकलच्या चाकाची तार घेऊन आम्हाला दाखवलं. तार उभी खुपसायची नाही, तिरपी सारायची, हळू, बोटाबोटाच्या अंतरानं. काही कडक लागलं की थांबायचं आणि हातानं माती बाजूला करायची. नकाशावर सुरुंग एका ओळीत असतो, पण राजस्थानातली वाळू वाऱ्यानं चालते, एका पावसात ओळ सरकते, आणि मग नकाशा तुमच्या काही कामाचा नाही. हे तो इतक्या साध्या आवाजात सांगत होता की आई आत निघून गेली. त्या मोहिमेत लढाई न होताही शेकडो जवान गेले, बरेचसे सुरुंगांत आणि अपघातांत. त्यांच्या नावानं चौकात कमान लागत नाही, कारण त्यांच्या मरणाला शत्रू नव्हता.

एवढं सैन्य उभं केलं म्हणून जानेवारी २००२ मध्ये मुशर्रफ यांना लष्कर-ए-तोयबा आणि जैश-ए-मोहम्मद यांच्यावर बंदी घालावी लागली, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्या बंदीनंतर जवळजवळ सात वर्षांनी लष्कर-ए-तोयबाचीच दहा माणसं मुंबईच्या किनाऱ्यावर उतरली, हेही तितकंच खरं आहे.

आणि इथं माझं म्हणणं सुरू होतं.

आमची जावळी म्हणजे मुंबईला माणसं पुरवणारा तालुका. माथाडी, गिरणी, पोलीस, घरटी एक माणूस तिकडे. केडंबे त्यातलंच एक गाव. तिथले तुकाराम ओंबळे आधी लष्करात होते, मग मुंबई पोलिसांत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती आणि ओंबळे यांच्या हातात लाठी होती. पळवलेली स्कोडा गाडी अडवली गेली. गाडीतला एक अतिरेकी पोलिसांच्या गोळीला बळी पडला. दुसरा बाहेर पडला तो एके-४७ घेऊनच. ओंबळे यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी अजमल कसाबला जिवंत पकडलं. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. (पुढे महाराष्ट्रातच सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याच्या जातीला अभ्यासकांनी 'आयसियस तुकारामी' हे नाव दिलं. मला तो मान कुठल्याही पुतळ्याइतकाच मोठा वाटतो.)

ओंबळे यांच्या धैर्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्या धैर्यानं नेमकं काय साधलं, याबद्दल फार कमी बोलतो. दहाच्या दहा मेले असते तर काय झालं असतं याचा विचार करा. दहा प्रेतं, खोटी ओळखपत्रं, आणि सीमेपलीकडून एकच पालुपद: ही आमची माणसं नाहीत. कसाब जिवंत होता म्हणून त्याचं गाव कळलं, कुठं शिकला ते कळलं, बोटीनं कसे आले ते कळलं. जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला कबूल करावं लागलं की हा आमचाच नागरिक आहे. हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी केलेल्या आणि शिकागोत पकडलेल्या डेव्हिड हेडलीनं नंतर जी माहिती दिली ती या माहितीशी जुळत गेली. आणि ७ मे २०२५ च्या पहाटे भारतानं पहलगामच्या उत्तरादाखल नऊ ठिकाणी हल्ले केल्यावर सकाळच्या पत्रकार परिषदेत पाकिस्तानातल्या मुरीदकेच्या तळाचं नाव घेताना काय सांगितलं गेलं? इथंच कसाब आणि हेडली शिकले. म्हणजे सतरा वर्षांनी क्षेपणास्त्र कुठं पडावं हे ठरवताना जी माहिती हाताशी होती, तिचा एक धागा गिरगाव चौपाटीवर केडंब्याच्या माणसानं हातात धरून ठेवला होता.

त्या खटल्याच्या काळात साताऱ्यातही किती चिडचिड होती! कशाला पोसायचं, चौकात गोळी घाला. कसाबचं वकीलपत्र घ्यायला तयार झालेल्या एका महिला वकिलाच्या मुंबईतल्या घरावर जमाव गेला, दगड फेकले. त्याच्या बिर्याणीची गोष्ट तर सगळ्या देशानं खरी मानली. २०१५ मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतः सांगितलं की बिर्याणी त्यानं कधी मागितली नव्हती, कसाबविषयी सहानुभूतीची लाट येऊ नये म्हणून आपण ते रचलं होतं. मला हे फार खटकलं आणि अजून खटकतं. खटला पुराव्यावर भक्कम उभा होता, त्याला या गोष्टीची गरज नव्हती. उलट त्या एका गोष्टीनं लोकांच्या मनात ठसलं की कायद्यानं वागणं म्हणजे लाड करणं.

मे २०१० मध्ये विशेष न्यायालयानं फाशी दिली, २०११ मध्ये उच्च न्यायालयानं आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी झाली. चार वर्षं. पण त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते आणि त्यांच्याविरुद्ध पुरावा पुरेसा नाही म्हणून न्यायालयानं त्यांना सोडलं. वरच्या न्यायालयांनीही ते मान्य केलं. देश पेटलेला असताना, समोर १६६ जणांचं मरण असताना, एका न्यायाधीशानं तिघांपैकी दोघांना निर्दोष म्हटलं. तिसऱ्याच्या फाशीवर जगात कुणी फारसं बोट ठेवू शकलं नाही, ते यामुळेच.

दादाला हे सगळं पटत नाही. तो म्हणतो, तू कोर्टाचं सांगतेस, पण कसाबला पाठवणारे तिकडे सभा घेत होते त्याचं काय? हा प्रश्न खरा आहे. २६/११ नंतर सरकारमध्येही हाच वाद झाला. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांचं सुरुवातीचं मत होतं की दिसेल असं प्रत्युत्तर लगेच द्यावं. मागाहून त्यांना संयम पाळला तेच बरोबर वाटलं, असं त्यांनी पुढे लिहिलं. संयमानं जगाचा पाठिंबा मिळाला, पाकिस्तान २०१८ ते २०२२ दहशतवादाचा पैसा रोखणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत राहिला, लष्कर-ए-तोयबाचा संस्थापक हाफिज सईदला २०२० मध्ये पैसे पुरवण्याच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, हेडलीचा साथीदार तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून इथं आणलं गेलं. पण हेही सांगायला हवं की उरी झालं, पुलवामात ४० जवान गेले, पहलगाम झालं. संयमानं ते थांबलं नाही. २०१६ च्या लक्ष्यभेदी कारवाईनं आणि २०१९ च्या बालाकोटनंही थांबलं नाही. दोन्ही बाजूंनी छाती ठोकून सांगावं असं काही नाही, आणि तरी दोन्हीकडचे लोक छाती ठोकतात.

मी शस्त्र उचलूच नये या मताची नाही. ७ मेच्या हल्ल्याच्या मी बाजूनं होते आणि आजही आहे, कारण ठिकाणं निवडलेली होती आणि कशासाठी निवडली ते सांगितलं गेलं. जुलैअखेर श्रीनगरजवळ पहलगामचे तीन मारेकरी मारले गेले. गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की त्यांच्या बंदुका चंदीगडच्या प्रयोगशाळेत तपासल्या आणि पहलगामला सापडलेल्या काडतुसांशी त्या जुळल्या. ते ऐकताना मला बरं वाटलं. मारले म्हणून तर वाटलंच, पण तेच होते याची कुणीतरी खात्री करून घेतली म्हणून जास्त. याच जातीचं उत्तर मला हवं आहे. हात गुन्हेगारापर्यंत पोचला का, एवढं मला कळायला हवं. आवाज किती झाला यानं मला काही फरक पडत नाही.

हात चुकला तर काय होतं ते अमेरिकेनं जगाला दाखवलं. ११ सप्टेंबर २००१ नंतर तीन दिवसांत तिथल्या प्रतिनिधीगृहानं राष्ट्राध्यक्षांना बळ वापरायची मोकळीक दिली, ४२० विरुद्ध १ मतानं. ते एकटं विरोधी मत देणाऱ्या बार्बरा ली यांना धमक्या आल्या, संरक्षण द्यावं लागलं. अफगाणिस्तानातलं युद्ध वीस वर्षं चाललं आणि शेवटी सत्ता तालिबानच्याच हाती गेली. मधल्या काळात २००३ मध्ये ज्या इराकचा त्या हल्ल्याशी संबंध नव्हता त्यावरही चढाई झाली आणि ज्या विनाशक अस्त्रांसाठी ती केली ती सापडली नाहीत. याच्या दुसऱ्या टोकाला नॉर्वे. २०११ मध्ये एका माणसानं ७७ जणांना मारलं, बहुतेक कोवळी पोरं, आणि त्या देशानं त्याला आपल्या नेहमीच्या न्यायालयात, नेहमीच्या कायद्यानं २१ वर्षांची शिक्षा दिली. तीही वाढवता येणारी. नॉर्वेचं उदाहरण इथं कुणी दिलं की लोक हसतात, त्यांच्या शेजारी पाकिस्तान नाही म्हणतात. बरोबर आहे, नाही. पण आपल्या देशातल्या तपासाला तरी शेजाऱ्याचं कारण देता येणार नाही.

कारण सगळ्यात जास्त जे दुखतं ते इथलंच आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. आमच्या खोऱ्यातली माणसं त्याच गाड्यांनी नालासोपारा-विरारला जातात. त्या रात्री मेढ्याच्या बाजूला कितीतरी घरांत चूल पेटली नव्हती, मुंबईचे फोन लागत नव्हते. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशी. आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. पुरावा टिकला नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात आधी पकडलेल्या नऊ मुसलमान तरुणांना २०१६ मध्ये न्यायालयानं आरोपमुक्त केलं. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात सातही आरोपी जुलै २०२५ मध्ये सुटले. जुलै २०२५ च्या या दोन निकालांवर महाराष्ट्रात दोन टोळ्या पडल्या. एका निकालावर एकीनं पेढे वाटले आणि दुसरीनं छाती पिटली, दुसऱ्यावर उलट. दोन्हीकडच्या मेलेल्यांच्या घरच्यांना मात्र एकच विचारायचं होतं, मग केलं कुणी? हे विचारायला कुठल्याच टोळीला वेळ नव्हता.

दादाचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं खटले चालतात म्हणूनच लोक चौकात गोळी घाला म्हणतात. मी म्हणते, तपास पहिल्या आठवड्यात नीट झाला तर खटला चार वर्षांत संपतो, कसाबचा संपला. त्यावर तो विचारतो, आणि त्या चार वर्षांत पुढचा हल्ला झाला तर? याचं उत्तर युद्धातही नाही आणि कोर्टातही नाही, हे आम्ही दोघं आता मान्य करतो. २६ नोव्हेंबरच्या रात्री कमांडो मुंबईत पोचेपर्यंत सकाळ झाली होती, कारण ते हरियाणातल्या मानेसरहून यायचे होते. त्यानंतर मुंबईत त्यांचा तळ झाला. बोटी तपासायला सागरी पोलीस वाढले, कोळ्यांना ओळखपत्रं मिळाली, राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी राहिली. हे सगळं कंटाळवाणं काम आहे, त्यावर कुणी चार भिंतीवर भांडत नाही. त्या बोटींचं इंजिन चालू आहे का, गस्तीला डिझेल मिळतं का, नाकाबंदीवरच्या हवालदाराच्या अंगावरचं जॅकेट गोळी अडवणारं आहे का, हे विचारणारा माणूस कुणाला गद्दारही वाटत नाही आणि देशभक्तही वाटत नाही. ओंबळे यांच्या हातात त्या रात्री लाठी का होती, हा प्रश्न मात्र दादानं मला विचारला, मी त्याला नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. आमदार-खासदारांना तो प्रत्येक सभेत हेच विचारतो आणि या एका बाबतीत मी त्याच्या शेजारी उभी असते.